टेगू बिथरतो तेव्हा

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच चालीने येते. दोन वर्षांपूर्वी वीतभर लांबीचं पिल्लू घरी आणलं. ते चिमट्याने भरवलेलं खाऊ लागलं, संध्याकाळी सोफ्यावर मांडीला चिकटून पडू लागलं, हनुवटीखाली खाजवलं की डोळे मिटून घेऊ लागलं. आणि एके दिवशी पाण्याचं भांडं बदलायला त्याच्या पेटीत हात घातला, तर त्याच प्राण्याने अंग फुगवलं, मोठा फुत्कार टाकला, शेपटीचा सपकारा मारला आणि तोंड वासून हातावर चाल केली. मालक हादरतो. इतका लाडका प्राणी, त्याला झालं तरी काय?

हा प्राणी म्हणजे अर्जेंटाइन काळा-पांढरा टेगू. शास्त्रीय नाव साल्वाटोर मेरिआनी. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरिनामला जाऊन तिथले किडे आणि सरडे चितारणाऱ्या मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीचं नाव त्याला दिलेलं आहे. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे आणि पराग्वे हा त्याचा मुलूख. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट सव्वा ते दीड मीटर भरतो, वजन चार-पाच किलो किंवा त्याहून जास्त. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी माणसाला तो घोरपडच वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही. घोरपडी जुन्या जगातल्या, टेगू नव्या जगातला. कुळं वेगळी, पण जमिनीवर हिंडून मिळेल ते खायचं हा धंदा एकच असल्याने बांधाही सारखा झाला. त्याच्या मायदेशात लोकांनी त्याला पाळलं कमी आणि सोललं जास्त. 1980 च्या दशकात दरवर्षी टेगूंची दहा लाखांहून अधिक कातडी परदेशी जात होती. त्यांचे बूट होत, पट्टे होत.

पाळीव प्राणी म्हणून त्याचं नाव झालं ते अमेरिकेत, आणि तेही त्याच्या शांतपणामुळे. बहुतेक सरडे माणसाचा स्पर्श जेमतेम सहन करतात. टेगू मात्र पुष्कळदा आपणहून जवळ येतो, माणूस ओळखतो, घरभर हिंडतो. ‘सरपटणाऱ्यांतला कुत्रा’ ही बिरुदावली त्यातूनच त्याला चिकटली. या बिरुदाने टेगूचं भलं कमी आणि नुकसान अधिक केलं आहे. कुत्र्यामागे माणसाच्या सहवासाच्या हजारो पिढ्या आहेत. टेगूमागे बंदिवासातल्या मोजक्याच.

1959 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी नोव्होसिबिर्स्कजवळ रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. दर पिढीतले सर्वांत सौम्य कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. काही पिढ्यांत कोल्ह्यांचं वागणं बदललं, पुढे कानांची ठेवण आणि केसांचे रंगही बदलले. बदल रक्तात उतरला होता. लुद्मिला त्रुत यांनी हा प्रयोग पुढे अनेक दशकं चालवला. टेगूच्या बाबतीत अशी दीर्घ, काटेकोर निवड कोणी केलेली नाही. प्रत्येक पिल्लू जन्मतः रानटीच असतं, आणि माणूस धोक्याचा नाही हे त्याला स्वतः, एकेका दिवसाने शिकावं लागतं. जे शिकून आलं ते मागेही पडू शकतं. शरीरात काहीतरी जोरात उसळलं, किंवा घरात काहीतरी बदललं, की ते मागे पडतंच. म्हणून बिथरलेल्या टेगूचा स्वभाव कसा आहे हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. त्याच्या शरीरात आणि भोवताली आत्ता काय चाललं आहे हे विचारलं तर उत्तर सापडण्याची शक्यता बरीच वाढते.

सर्वांत मोठं उत्तर ऋतूत आहे. टेगूच्या मुलखात हिवाळा खरा हिवाळा असतो. थंडीचे कित्येक महिने तो बिळात शिरून पडून राहतो, जवळपास काही खात नाही. दक्षिण गोलार्धातला वसंत सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा तो बाहेर येतो, आणि त्याच काळात विणीचा हंगाम सुरू होतो. या हंगामात त्याच्या शरीरात काय होतं हे 2016 च्या जानेवारीत ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाचे ग्लेन टॅटरसॉल आणि त्यांच्या ब्राझिली सहकाऱ्यांनी टेगूंचं तापमान वर्षभर मोजलं. विणीच्या दिवसांत पहाटे, ऊन अंगावर पडण्याच्या कितीतरी आधी, बिळातल्या टेगूचं शरीर बिळापेक्षा दहा अंश सेल्सिअसपर्यंत गरम भरलं. ज्याला आपण थंड रक्ताचा प्राणी म्हणतो तो या दिवसांत आतूनच तापत होता. इतकी उलथापालथ ज्या शरीरात चालू आहे, त्याने मांडीवर बसून हनुवटी खाजवून घ्यावी, ही अपेक्षा मुळात जरा जादाच.

नरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नजरेला दिसते. वयात आलेल्या नराचे गाल दोन्ही बाजूंनी फुगतात. ती चरबी नव्हे, जबडा मिटवणारे स्नायू असतात. अर्जेंटिनातल्या कोर्दोबा भागातील संशोधनात हे स्नायू विणीच्या काळात अधिक भरतात असं आढळलं. प्रतिस्पर्धी नरांशी झुंजायला आणि मादीला पकडून ठेवायला हाच जबडा लागतो. ज्यांनी घरी वळू किंवा बोकड पाळला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. जनावर माजावर आलं की कालचं ऐकणारं जनावर आज ऐकत नाही, आणि शहाणा शेतकरी त्या दिवसांत त्याच्याशी वाद घालत बसत नाही.

टेगू साधारण दोन ते तीन वर्षांचा होताना वयात येतो. मालकांच्या तक्रारीही नेमक्या याच वयाभोवती गोळा होतात. उत्तर गोलार्धातल्या घरात त्याचं घड्याळ इथल्या ऋतूंशी जुळवून घेतं: ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मंदावणं, फेब्रुवारी-मार्चनंतर जागं होणं. दिवे लावून खोली उबदार ठेवली, तरी अनेक टेगू हिवाळ्यात खाणं कमी करतात आणि दिवसचे दिवस मातीत पुरून घेतात. इथे एक फसगत हमखास होते. पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात सुस्त पडलेला प्राणी मालकाला ‘आता पुरता रुळला’ असा वाटतो. मग तो त्याला उचलू लागतो, पाहुण्यांच्या हातात देऊ लागतो, मुलांसोबत फोटो काढू लागतो. वसंतात जागा झालेला प्राणी दुसराच वाटतो, कारण हिवाळ्यातली ती शांतता विश्वासाची नव्हतीच, सुस्तीची होती.

अशा हंगामात करण्यासारखं काम म्हणजे मुख्यतः न करण्याचं काम. काही आठवडे उचलणं बंद. साफसफाई तो दुसऱ्या खोलीत हिंडत असताना, किंवा मध्ये आडोसा धरून. खाणं लांब चिमट्याने किंवा ताटलीत. आरसा आणि रात्री चकाकणारी काच झाकलेली बरी, कारण काही नर स्वतःच्या प्रतिबिंबावर तुटून पडतात. घरात दुसरा टेगू असेल तर त्याला हाताळून तसाच हात इकडे आणू नये. जिभेने वास टिपणाऱ्या या प्राण्याला तो हात शत्रूचा वाटतो. पण माणसाने नाहीसंही होऊ नये. खोलीत बसून वाचणं, आपला जुना शर्ट त्याच्या झोपण्याच्या जागी ठेवणं, तो आपणहून जवळ आला तर येऊ देणं आणि गेला तर जाऊ देणं, एवढा संबंध चालू ठेवावा. बहुतेकांच्या अनुभवात उसळी काही आठवड्यांत ओसरते, काहींच्या बाबतीत दोन-तीन महिने लागतात, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा येते, बहुधा सौम्य होऊन. नराचं खच्चीकरण करून घ्यावं का, असा प्रश्न अनेक जण पशुवैद्यांना विचारतात. सरड्यांमध्ये या शस्त्रक्रियेने आक्रमकता जाईलच अशी खात्री देता येत नाही. कुत्र्या-बैलांवरून काढलेला अंदाज इथे चालत नाही.

मादीचं प्रकरण वेगळं, आणि पुष्कळदा अधिक गंभीर. रानात टेगूची मादी पालापाचोळा ओढून मोठं घरटं करते, त्यात वीस ते पन्नासच्या आसपास अंडी घालते आणि त्यांची राखण करते. अशा घरट्याजवळ जाणं म्हणजे ओरबाडे आणि चावे अंगावर ओढवून घेणं. घरातली मादी नर नसतानाही अंडी धरू शकते, आणि मग तिच्या वागण्यातून तीच राखण उमटते. ती खणत सुटते, खाणं टाकते, पेटीच्या एका कोपऱ्यावर हक्क सांगते. तिला खोल, ओलसर माती आणि पाला दिला तर ती अंडी घालून मोकळी होते, आठवड्या-दोन आठवड्यांत स्वभावही पूर्ववत होतो. दिला नाही, तर अंडी पोटात अडकण्याचा धोका असतो. फुगलेलं पोट, ताकद गेलेली, तरीही हात लावू न देणारी मादी ही तातडीने पशुवैद्याकडे नेण्याची बाब आहे. तिथे लाड, शिस्त, सवय यांतलं काहीही उपयोगी पडत नाही.

ऋतू नाही, अंडी नाहीत, तरी प्राणी बिथरलेला आहे. अशा वेळी आधी थर्मामीटर काढावा.

1982 मध्ये पॉल हर्ट्झ, रेमंड ह्युई आणि एव्हिएतार नेव्हो यांनी ‘अ‍ॅनिमल बिहेव्हिअर’मध्ये सरड्यांविषयी एक निरीक्षण मांडलं, आणि ते पुढे या विषयातलं मूळ निरीक्षण ठरलं. उबदार सरडा धोका दिसला की पळतो. गार पडलेल्या सरड्याच्या पायांत पळण्याची ताकद नसते, म्हणून तो जागेवर थांबून तोंड उघडतो, झडप घालतो, चावतो. धावायला लागणारी ताकद थंडीत फार घटते, चावायला लागणारी तितकी घटत नाही. 2010 मध्ये ब्राझिली संशोधकांनी हेच टेगूवर तपासलं आणि त्याच्या बचावाची पद्धत तापमान आणि शरीराचा आकार या दोहोंच्या मेळातून ठरते असं दाखवलं. पिल्लाला पळणं परवडतं. मोठ्या, जड टेगूला, विशेषतः तो गार असेल तेव्हा, पळण्यापेक्षा उभं राहून लढणं सोयीचं.

घरगुती भाषेत सांगायचं तर गारठलेला टेगू भित्रा नसतो, तो कोंडीत सापडलेला असतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. त्यात वीज गेली, दिवा सकाळी उशिरा लागला, आणि मालकाने कामावर जाण्याआधी घाईने पेटीत हात घातला, तर चावा हा अपघात म्हणता येणार नाही. टेगूला ऊन शेकायची जागा लागते, आणि तिचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांच्या पुढे तापलेला असावा लागतो. पेटीची दुसरी बाजू पंचवीसच्या आसपास हवी, आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्के, आणि वर चांगला यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा. भिंतीवर चिकटवलेला गोल तापमापक खोलीची हवा मोजतो, दगडाचा पृष्ठभाग नाही. त्यासाठी बंदुकीसारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो, आणि बिथरलेल्या टेगूवर करायच्या खर्चांत हा सर्वांत स्वस्त आहे. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला निदान आठ बाय चार फुटांची जागा लागते. मुंबईतल्या कितीशा घरांत ती निघते, हा हिशेब पिल्लू घेण्याआधी करायचा असतो. पिल्लू मात्र पहिल्याच वर्षात अडीच-तीन फुटांचं होऊन बसतं.

दुखणं हे दुसरं दडलेलं कारण. सरपटणारे प्राणी आजार लपवण्यात तरबेज असतात; रानात आजारी दिसणं म्हणजे कोणाचं तरी जेवण होणं. यूव्हीबी किंवा कॅल्शियम कमी पडलं की हाडं ठिसूळ होतात, आणि उचललं की कळ निघते. कात बोटांवर किंवा शेपटीच्या टोकाला अडकून आवळली, तोंडात गळू झालं, पोटात जंत वाढले, तरी मालकाला दिसतं ते एवढंच: उचललं की चावतो. कालपर्यंत शांत असलेला प्राणी विणीच्या हंगामाबाहेर बदलला, तर वर्तनाचे उपाय सुरू करण्याआधी तपासणी व्हायला हवी. अडचण अशी की सरड्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य आपल्याकडे मोठ्या शहरांपुरतेच सापडतात. तेव्हा असा पशुवैद्य प्राणी निरोगी असतानाच शोधून ठेवलेला बरा.

खाण्याशी जोडलेले चावे वेगळे ओळखता यायला हवेत. त्यांत रागाचा भागच नसतो. 2001 च्या जून महिन्यात ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चे तत्कालीन संपादक फिल ब्रॉन्स्टीन लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगनच्या पिंजऱ्यात खास पाहुणे म्हणून शिरले. त्यांच्या तेव्हाच्या पत्नी, अभिनेत्री शॅरन स्टोन, सोबत होत्या. पांढरे बूट या ड्रॅगनला रोजच्या पांढऱ्या उंदरांसारखे वाटू शकतील, म्हणून ते काढून ठेवा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी बूट काढले. ड्रॅगनने मग उघडा पाय पकडला आणि अंगठ्याचा चुराडा केला. हा प्राणी माणसांत वावरलेला, हाताळला जाणारा होता. कोमोडो ड्रॅगन टेगूचा जवळचा नातेवाईक नाही, पण धडा दोघांना लागू पडतो. ज्याला खाणं नेहमी एकाच प्रकारे, एकाच जागी, हातातून मिळतं, तो हात आणि घास यांत फरक करायला शिकत नाही.

यावर पाळणाऱ्यांत जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, टेगूला पेटीत खायला घालूच नये, वेगळ्या टबमध्ये न्यावं, म्हणजे पेटीत शिरणारा हात म्हणजे जेवण हे समीकरण तयार होणार नाही. दुसरा म्हणतो, भुकेल्या, उत्तेजित प्राण्याला दिवसाआड उचलून टबमध्ये नेणं हेच चाव्याला आमंत्रण. दुसऱ्याचं म्हणणं अधिक पटतं. जागा बदलण्यापेक्षा खूण स्पष्ट असणं महत्त्वाचं. काठीच्या टोकाला लाल चेंडू लावायचा. चेंडू दिसला तरच खाणं, चेंडूला नाकाने स्पर्श केला की घास. हात रिकामा आला तर खाणं नाही, आणि आधी एका बोथट आकड्याने पाठीला हलका स्पर्श. अनेक प्राणिसंग्रहालयांत मोठ्या सरड्यांना याच पद्धतीने तपासणीसाठी पुढे यायला शिकवतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातली क्रॅकन नावाची कोमोडो मादी, 1992 मध्ये इंडोनेशियाबाहेर अंड्यातून बाहेर आलेल्या पहिल्या पिल्लांपैकी एक, रक्षकाच्या खिशातला रुमाल ओढून त्याच्याशी रस्सीखेच खेळत असे. टेनेसी विद्यापीठाचे गॉर्डन बर्गहार्ट यांनी तिच्या या वागण्याला खेळ म्हणण्याइतकी निरीक्षणं जमवली. सरडा शिकतो यात शंका उरलेली नाही. त्यामुळे तो चुकीचं काय शिकतो आहे याकडे लक्ष देणं भाग आहे.

आणि चुकीचं शिकवण्यात माणसाचा हात मोठा असतो. दुसरा, अधिक कडवा वाद इथलाच. फुत्कारणाऱ्या टेगूचं काय करायचं? जुनी शिकवण अशी की मागे हटू नका, जाड चामडी हातमोजे घाला, उचलून धरा आणि तो थकेपर्यंत सोडू नका, नाहीतर आपण जिंकलो असं त्याला वाटेल. ही शिकवण बराच काळ चालली, कारण ती वरवर यशस्वी दिसते. धडपड करून थकलेला प्राणी निपचित पडतो. पण निपचित पडणं आणि निर्धास्त होणं एकच नव्हे. जिंकल्या-हरल्याचा हिशेब टेगू ठेवतो असा पुरावा नाही. उचलणारा हात म्हणजे सुटका नसलेली कोंडी, एवढं मात्र तो पक्कं लक्षात ठेवतो. ताकद वाढली, अंग तापलं, हंगाम आला, की तो त्या हाताला आधी चावतो.

याउलट नवीन पद्धतीतही एक भाबडेपणा शिरलेला आहे. प्राण्याने फुत्कारताच दर वेळी हात झटकन मागे घेतला, तर फुत्कारलं की माणूस जातो हेही तो शिकतो. मधला मार्ग कंटाळवाणा, पण तोच चालतो. फुत्कार ऐकला की जागेवर थांबायचं, हात तिथेच स्थिर, श्वास सावकाश. फुत्कार थांबला, जीभ पुन्हा निवांत बाहेर-आत होऊ लागली की मग हळूच हात मागे. म्हणजे माणूस निघून जाण्याचं बक्षीस शांततेला मिळतं. आणि शेपटीची आपट, उघडलेला जबडा अशी पुढची पायरी दिसली तर थांबणंही नको, अंतर ठेवायचं. फुत्काराबद्दल टेगूला कधी टपली मारू नये, ओरडू नये. तो त्याने दिलेला इशारा असतो. इशाऱ्याबद्दल शिक्षा मिळत गेली, तर तो इशारा देणं सोडतो, आणि मग ‘काही कल्पना न देता चावला’ अशी तक्रार येते.

खरं तर इशारे पुष्कळ असतात. शेपटीचं टोक मांजराच्या शेपटीगत वळवळणं, अंग चपटं करून एका बाजूने उभं राहणं, पाठीची कमान, पुढचे पाय जमिनीवर आपटत चालणं, मान खाली घालून सावकाश, मोजून मापून पुढे येणं. यांतलं शेवटचं सर्वांत धोक्याचं, कारण त्यात आवाज नसतो आणि अननुभवी माणसाला ते कुतूहल वाटतं. वरून येणारा हात जवळजवळ प्रत्येक सरड्याला शिकारी पक्ष्याची सावली वाटतो. बाजूने, त्याला दिसेल असा, पोटाखाली आधार देणारा हात त्याला सोसतो. आत्तापर्यंतच्या ‘अचानक’ म्हणून सांगितलेल्या अनेक प्रसंगांचे व्हिडिओ पुन्हा सावकाश पाहिले, तर यांतला एखादा इशारा चाव्याच्या काही सेकंद आधी दिसून येतो.

तरीही चावा बसलाच तर? टेगूचे मागचे दात वयाबरोबर बोथट, दाढांसारखे होतात. रानात तो गोगलगाईंचं कवच, अंडी, खेकडे फोडतो. त्यामुळे त्याचा चावा कापण्यापेक्षा चेपणारा असतो आणि तो धरून ठेवतो. हात ओढला की जखम फाटते. प्राण्याला जमिनीवर किंवा पाण्याच्या टबमध्ये टेकवलं, आधार मिळाला, की तो बहुधा सोडतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने भरपूर वेळ धुवावी आणि डॉक्टरांकडे जावं. टेगू विषारी नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार असल्याने त्याचीही भीती नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जंतुसंसर्गावरचे उपचार मात्र लागतात, आणि बोटाचं हाड किंवा स्नायुबंध दुखावला आहे का हे पाहून घ्यावं लागतं. चावा नसतानाही सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणून पाच वर्षांखालील मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं असलेल्या घरात टेगू नसावा असाच वैद्यकीय सल्ला आहे.

आणि काही टेगू कोणत्याच हंगामात शांत होत नाहीत. तेव्हा माणसं करू नये तेच करतात. फ्लोरिडात मायामी-डेड आणि हिल्सबरो परगण्यांत टेगूंनी रानात कायमची वस्ती केली, ती सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या पाळीव टेगूंमुळे. तिथे ते जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची, कासवांची, मगरींची अंडी खातात. राज्याच्या वन्यजीव आयोगाने 2021 च्या एप्रिलपासून टेगू प्रतिबंधित यादीत टाकले. ज्यांच्याकडे आधीच पाळीव टेगू होते त्यांना परवाना घेऊन प्राण्याच्या कातडीखाली ओळखचिप बसवून घ्यावी लागली. जॉर्जियातही टूम्ब्ज आणि टॅटनॉल परगण्यांत ते आढळल्यावर 2022 च्या अखेरीस असाच नियम आला. त्याआधी ब्राझीलच्या फर्नांडो दी नोरोन्या बेटावर उंदीर मारायला म्हणून टेगू मुद्दाम सोडले होते. उंदीर रात्री फिरतात, टेगू दिवसा. उंदीर राहिले, आणि बेटावरच्या पक्ष्यांच्या अंड्यांना नवा खाणारा मिळाला.

भारतात चित्र वेगळं आहे. घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरात ठेवणं हा गुन्हा, मग तिचं पिल्लू रस्त्यात सापडलेलं का असेना. टेगू परदेशी, पण तोही आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अशा प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. 2024 च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी ‘परिवेश 2.0’ संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवावं लागतं. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात लपवलेले परदेशी सरडे आणि साप मुंबई विमानतळावर वारंवार पकडले जातात. अशा वाटेने आलेल्या, अनेक तास पिशवीत कोंबून राहिलेल्या पिल्लाला मोठेपणी माणसाच्या हाताची धास्ती वाटली तर त्यात नवल नाही.

फ्लोरिडाच्या आयोगाने नको झालेले परदेशी प्राणी मालकांनी शिक्षेच्या भीतीशिवाय परत द्यावेत म्हणून ‘एक्झॉटिक पेट अ‍ॅम्नेस्टी’ नावाची सोय ठेवली आहे. आपल्याकडे मालकाला रीतसर हस्तांतराची नोंद करून अनुभवी पाळणाऱ्याचा शोध घ्यावा लागतो. नव्या घरी गेलेला मोठा टेगू पहिले काही आठवडे, कधी काही महिने, पुन्हा फुत्कारतो. आधीच्या मालकाने ‘चावरा’ म्हणून दिलेला प्राणी असला तर जास्तच. नव्या मालकाने तोवर तापमान मोजावं, पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, लाल चेंडूची काठी हातात धरावी आणि टेगूला उचलण्याची घाई करू नये.